चँडलरचं चरित्र, रावपुऱ्यातली शिवण

वडोदऱ्यात रावपुऱ्याच्या गल्लीत बायंडिंगचं एक जुनं दुकान आहे. मुख्य काम चोपड्या आणि थिसिसचं, पण जुन्या ग्रंथाची स्कॅन प्रत पेनड्राइव्हवर दिली तर छापून-शिवूनही देतात. इथे पाहिलेलं काम म्हणजे अमेरिकी राजकारणी झकराया चँडलरचं चरित्र: डेट्रॉइटमध्ये 1880 साली निघालेलं, चारशे पानांच्या घरातलं, प्रताधिकार केव्हाच संपलेला.

शिवण अव्वल. ए-4 चे चार कागद दुमडून 16 पानी फर्मा, असे पंचवीसेक फर्मे दोऱ्याने जुजबंदी केलेले. गरम गोंदाची बांधणी स्वस्त पडते, पण या जाडीला नको. ए-4 दुमडा की कापा, कागदाचे तंतू आडवे येतात, पान ताठ राहतं, आणि पुस्तक दाबून उघडलं की पाठीचा गोंद तडकतो. दोरा ते सोसतो.

छपाईत मात्र घोळ आहे. पिवळट रंगीत स्कॅन तसाच टाकला तर पान राखाडी येतं. कॉन्ट्रास्ट चढवला तर शाई भरून 3 चा 8 होतो. आणि चँडलर वाचायचा तो सालांवरच! 1833 ला न्यू हॅम्पशर सोडून डेट्रॉइटला आला, कापडचोपडाच्या दुकानातून श्रीमंत झाला. 1851 ला महापौर, 1852 ला गव्हर्नरपदाला पडला, 1857 पासून 1875 पर्यंत सेनेटर. मग राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या मंत्रिमंडळात अंतर्गत खातं. (हे आपलं पोलिसांचं गृहखातं नव्हे, जमिनी, पेटंट, पेन्शनी तेव्हा त्यात.) 1876 ला रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्रीय अध्यक्ष तोच, आणि पक्षाचा उमेदवार हेज राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला 185 विरुद्ध 184 निर्वाचक मतांनी. इथे एक आकडा बिघडला तर निकालच फिरतो.

म्हणून मजकुराची पानं 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) निव्वळ काळी-पांढरी करून द्या, कोरीव चित्रांची तेवढी ग्रेस्केलमध्ये वेगळी. ‘फिट टू पेज’ बंद ठेवायला सांगा, नाहीतर शिवणीकडच्या ओळी आत जातात. त्या बाजूला 18 मिलिमीटर तरी सोडावे. आकडे दाटीवाटीने असलेलं एक पान आधी छापून बघा. दुकानदार "चालशे" (चालेल) म्हणाले तरी भिंगाखाली धरा.

दर पानागणिक, बायंडिंगचा वेगळा. दोन्ही चिठ्ठीवर लिहून घ्यावेत. पुस्तक रात्रभर दाबाखाली राहू द्या. घाई करून त्याच संध्याकाळी उचललं की पुठ्ठा वाकतो, आणि तो मग सरळ होत नाही.