जुनं सोनं मोडायचं असेल तर या दुकानात जा

कोल्हापूरच्या गुजरीत सराफांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. त्यात हे बैठकीचं छोटं दुकान पटकन नजरेत भरत नाही. लेकीच्या लग्नासाठी सासूबाईंचं जुनं मंगळसूत्र आणि पाटल्या मोडायच्या होत्या. आधी एका मोठ्या दुकानात विचारलं होतं. तिथे काळे मणी आणि आत भरलेली लाख म्हणून अंदाजानेच वजन कापलं, वर सरसकट दहा टक्के घट सांगितली. सोनं किती कॅरेटचं आहे, हे कुणी तपासलंसुद्धा नाही.

इथे काकांनी आधी काटा शून्यावर आहे हे दाखवलं. मंगळसूत्र भरलं २१.३५० ग्रॅम. मणी माझ्यासमोर सोडवले, वेगळे तोलले आणि पुडी बांधून माझ्या हातात दिले. वाट्यांच्या आत लाख असते, तिचं वजन बाहेरून कळत नाही. "ताई, आटवूनच बघू," म्हणाले. मुशीत सोनं पडलं, लाख जळाल्याचा वास दुकानभर झाला आणि लगड निघाली १४.८२० ग्रॅमची. मशीनवर शुद्धता आली ८३.४ टक्के, म्हणजे वीस कॅरेट. जुन्या डागात, म्हणजे दागिन्यात, जोड जास्त, त्यामुळे ते सांधणारी झाळही जास्त, म्हणून तो बावीस कॅरेटला, म्हणजे ९१.६ टक्क्यांना, उतरत नाही, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. मी घट किती धरणार विचारलं, तर म्हणाले, "आटवल्यावर आता कसली घट?"

पाटल्या मात्र त्यांनी मोडूच दिल्या नाहीत. हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितल्या. "ही घडण परत होणार नाही. पॉलिश करून लेकीला अशाच द्या." मोडल्या असत्या तर नव्या पाटल्यांची घडणावळ त्यांनाच मिळाली असती. पॉलिशला किती मिलिग्रॅम झिजलं, तेही चिठ्ठीवर लिहून दिलं.

नवीन मंगळसूत्र इथेच केलं. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या डागावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या डागाचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतोच, पण बहुतेक ठिकाणी तो आहे एवढंच सांगतात. इथल्या वहिनींनी भिंगातून बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण, २२के९१६ आणि तो क्रमांक दाखवला, मग माझ्याच मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकायला लावला. डागाचा प्रकार, शुद्धता, हॉलमार्किंग केंद्र, सगळं समोर आलं.

नंतर एक दिवस दुकानातून फोन आला. आगाऊ रक्कम घेताना धरलेल्या वजनापेक्षा तयार डाग थोडा हलका भरला होता. पक्क्या बिलावर खरं वजन घालून त्यांनी फरक परत दिला. मला तो कधीच कळला नसता. गुजरीत याहून झगमगीत दुकानं पुष्कळ आहेत, पण सासूबाईंच्या माहेरची माणसं अजून इथेच येतात, आणि माझ्या मते या घराण्याची खरी पुंजी ती पत आहे, तिजोरीतलं सोनं नंतर.

नमुने कमी आहेत. घडणावळीत घासाघीस चालत नाही आणि लग्नसराईत डाग मिळायला वेळ लागतो, तेव्हा तारखेच्या बरंच आधी जा. अंबाबाईच्या देवळामुळे त्या भागात गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षाने गेलेलं बरं. मोड न्यायची असेल तर सकाळी जा. संध्याकाळच्या गर्दीत काका आटवायला घेत नाहीत.