बी५५० बोर्ड आणि १६ जीबी रॅम: मालवणच्या खाऱ्या हवेत एक पावसाळा काढल्यानंतर

मशीन चालू, पंखे फिरतायत, स्क्रीन मात्र काळी. मदरबोर्डाच्या कडेला 'डीरॅम' लिहिलेला, रॅमची तक्रार सांगणारा बारीक दिवा पेटलेला, तो विझायचं नाव घेईना. गणपतीच्या आरत्यांच्या पुस्तिका छापायला द्यायच्या दिवसांतच हे झालं. कुडाळहून आलेल्या दुरुस्तीवाल्याने रॅम खोडरबराने घासली, पुन्हा लावली आणि निकाल दिला, "ताई, बोर्ड गेलो. नवीन घालूचो लागतलो." तोच बोर्ड आज थंडीत मी हे लिहितेय तेव्हा ठणठणीत चालू आहे. हजारो रुपयांचा भुर्दंड थोडक्यात टळला, म्हणून सविस्तर लिहितेय.

मशीन असं: रायझन ५ ५६००जी, बी५५० चिपसेटचा चार स्लॉटांचा बोर्ड, डीडीआर४-३२०० च्या ८ जीबीच्या दोन स्टिक. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. काम डीटीपीचं: लग्नपत्रिका, आंब्याच्या पेट्यांची लेबलं, दशावतारी नाटकांचे फ्लेक्स. बोर्डाच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला खटकलेली गोष्ट इतरही कंपन्यांच्या बोर्डांवर दिसते.

हेल्पलाइनला फोन केला तर पहिला प्रश्न बिलाचा, दुसरा "गंज दिसतोय का?" हा. गंज असेल तर वॉरंटी नाही, नसेल तर बोर्ड स्वखर्चाने कुरिअर करा. मालवणात राहणाऱ्या गिऱ्हाईकाला हे उत्तर देण्यात काय अर्थ आहे? इथे दाराच्या बिजागरीपासून सायकलच्या चेनपर्यंत सगळ्याला गंज चढतो. रॅमच्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो आणि सोनं गंजत नाही हे खरं, पण तो मुलामा फार पातळ असतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खारट ओल खालच्या निकेल-तांब्यापर्यंत पोहोचते आणि तिथून संपर्क बिघडतो.

मी दोन्ही स्टिक काढून पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. स्लॉटमध्ये खोडरबराचा भुगा पडला होता, तो कोरड्या मऊ ब्रशने काढला. खोडरबर घासण्याला माझा विरोध या भुग्यामुळेच आहे, शिवाय मुलामाही झिजतो. मग एकच स्टिक लावली आणि थांबले. रॅम काढून घातली की बोर्ड तिची नव्याने जुळणी करतो. त्यात पडदा बराच वेळ काळा राहतो, मशीन एखाद-दोनदा आपोआप बंद-चालूही होतं. बरेच दुरुस्तीवाले नेमके याच वेळी घाई करून बटण दाबतात. मी हात लावला नाही, आणि विंडोज आलं.

आता मुख्य तक्रार. स्टिक काढताना लक्षात आलं की दुकानदाराने दोन्ही शेजारी-शेजारी, पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवल्या होत्या. प्रोसेसरकडून मोजलं तर स्लॉट ए१, ए२, बी१, बी२ असे लागतात. ए१ आणि ए२ दोन्ही एकाच चॅनलवर, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या डेटाच्या एकाच रस्त्यावर. म्हणजे हंगामभर माझं मशीन सिंगल चॅनलवर चाललं. मॅन्युअलमध्ये स्पष्ट आहे, दोन स्टिक असतील तर ए२ आणि बी२, म्हणजे दुसरा आणि चौथा. त्यालाही कारण आहे. बहुतेक अशा बोर्डांवर प्रोसेसरपासून निघालेली जोडणी आधी ए१ ला भेटून ए२ ला संपते. टोकाचा ए२ रिकामा ठेवला तर उरलेला तुकडा लोंबता राहतो आणि सिग्नल तिथे आपटून मागे येतो, धक्क्यावर आपटून फिरलेल्या लाटेसारखा. कमी वेगाला ते खपून जातं, ३२०० ला अडचण होऊ शकते.

पण हे बोर्डावर कळणार कसं? चारही स्लॉट काळे! अक्षरं तांदळाच्या दाण्याहून बारीक, तीही केबलच्या जुडग्याखाली. जुन्या कितीतरी बोर्डांवर जोडीचे स्लॉट एका रंगाचे असायचे, एक निळी जोडी, एक काळी. बघणाऱ्याला विचारावं लागत नसे. आता पंख्याला सात रंगांचे दिवे मिळतात आणि स्लॉटला दुसऱ्या रंगाचं प्लास्टिक मिळत नाही, याचा मला मनापासून राग आहे. मी ए२ आणि बी२ च्या क्लिपवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिलेत. आणखी एक, या बोर्डावर क्लिप एकाच बाजूला उघडते, दुसरं टोक स्थिर आहे. वरून 'टक' आवाज आला तरी खालचं टोक अर्धवट राहू शकतं. दोन्ही टोकं दाबून बघाच.

दोन्ही स्टिक ए२ आणि बी२ मध्ये हलवल्यावर फरक किती पडला? एका चॅनलची रुंदी ६४ बिट, म्हणजे ३२०० ला सेकंदाला २५.६ जीबी. दोन चॅनलना ५१.२. ५६००जी चं आतलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, त्यामुळे मोठ्या फ्लेक्सची फाइल झूम करताना, सरकवताना होणारी अडखळ गेली. फाइल सेव्ह व्हायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो. तपासायला टास्क मॅनेजर पुरेसा नाही, तो 'चारपैकी दोन स्लॉट वापरात' एवढंच सांगतो. सीपीयू-झेड या प्रोग्राममधला मेमरीचा भाग बघा, चॅनल तिथे कळतं. तिथे १६०० च्या आसपास आकडा दिसला तर घाबरू नका, डीडीआरमध्ये एका ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून तेच ३२००. त्याहून बराच कमी दिसला तर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा छापील वेग देणारी सोय, बंद असेल.

दिवाळीनंतर माझं मत बदललं. चार स्लॉटांच्या बोर्डाला मी जास्त पैसे मोजले होते ते 'आत्ता दोन, नंतर दोन' या हिशेबाने. तोवर २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलली आणि इथे आमच्यासारख्यांची पंचाईत झाली. भाच्याच्या मोडीत निघालेल्या मशीनमधून डीडीआर४-२६६६ च्या दोन स्टिक मिळाल्या. चारही स्लॉट भरले. वेग सगळ्यांचा २६६६ वर आला, ते अपेक्षितच होतं. पण मशीन स्लीपमधून उठताना अडकू लागलं आणि रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ ने चुकांच्या लाल ओळी दाखवल्या. चार स्टिकचा भार प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला जड जातो, त्यात माझ्या जोड्याही वेगवेगळ्या. एएमडीच्याच तक्त्यात दोन स्टिकना ३२००, चार सिंगल रँकना (रँक म्हणजे स्टिकवरचा एकत्र चालणारा चिपचा गट) २९३३ आणि चार ड्युअल रँकना २६६७ दिलेत. रँक स्टिकच्या लेबलवर असते, १आरx८ किंवा २आरx८. फुकटच्या स्टिक काढून ठेवल्या. आता विचाराल तर अशा कामाला मी दोन स्लॉटांचा बोर्ड आणि १६ च्या दोन स्टिक सुचवेन.

स्वस्ताईच्या नादात दोन ठिकाणी सांभाळा, कारण दोन्ही आमच्याच गावात घडलंय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुणी सर्व्हरची डीडीआर४ रॅम अर्ध्या भावात आणून देतो. तिची खाच साध्या डीडीआर४ सारखीच, स्लॉटमध्ये छान बसते, पण रजिस्टर्ड (रजिस्टर नावाची जादा चिप असलेली) असेल तर घरगुती बोर्ड चालूच होत नाही. (डीडीआर५ मध्ये खाचच वेगळी केलीय, हे चांगलं झालं.) दुसरं, शेजारच्या होमस्टेवाल्यांच्या जुन्या इंटेल मशीनला ऑनलाइन मागवलेली ८ जीबी डीडीआर३. खाच जुळली, व्होल्टेज जुळलं, तरी स्क्रीन काळी. लेबलच्या कोपऱ्यात 'एएमडी' लिहिलेलं होतं. अशा स्टिकवर x४ प्रकारच्या, म्हणजे एका वेळी चारच बिट देणाऱ्या चिप असतात आणि इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरना त्या चालत नाहीत. ती रॅम परत पाठवून त्यांनी ४ च्या दोन साध्या स्टिक घेतल्या.

बोर्डाला पाचपैकी चार. कापलेला एक काळ्या स्लॉटांसाठी, आणि पुढच्या बायोस अपडेटने तो परत मिळणार नाही. पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ तरी चालू ठेवते, म्हणजे आतली ऊब ओल धरू देत नाही. १६ च्या दोन स्टिकसाठी भाव उतरायची वाट बघतेय. कुणाला सिंधुदुर्गात रास्त दरात बिलासकट मिळाल्या असतील तर दर नक्की लिहा.