घरात मुलं असताना गन घ्यावी का? डॅलसकडच्या एका मराठी घराची पर्यायांची तुलना

दसऱ्याच्या सुमारास आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे एका तेलुगू कुटुंबाचं घर फोडलं. मंडळी गरब्याला गेली होती. मागचं सरकतं दार उचकटून चोर आत शिरले आणि कपाटातलं सोनं घेऊन गेले. त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "आता एक पिस्तूल घेऊन ठेवूया." आम्ही टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चौदाची. मी लगेच नाही म्हटलं नाही, आधी सगळं समोर मांडून बघू म्हटलं. मग दोन दुकानं पालथी घातली, एका शनिवारी गनच्या सुरक्षेचा वर्ग केला, मिळेल ते वाचलं. हाच प्रश्न मनात घोळत असेल तर आमची ही वही उपयोगी पडेल. माझा निर्णय आधीच सांगते: मुलं मोठी होईपर्यंत नको. पण दुसरं पारडं कुठे जड होतं तेही लिहिणार आहे.

आधी व्हिसा बघा

आपल्याकडे याबद्दल फार गैरसमज आहेत. एच-1बी, एच-4, एल-1, एफ-1 अशा व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने गन किंवा काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे. त्याला थोडे अपवाद आहेत, त्यांतला नेहमीचा म्हणजे राज्याचं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना ही बंदी लागू नाही. शिकारीचं लायसन्स काढलं की झालं, असं आमच्या ओळखीतले दोघेतिघे सहज बोलतात. कागदावर वाट आहे, पण शस्त्राच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर ते देशाबाहेर काढण्याचं कारण ठरतं. दहा-दहा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत काढलेल्या माणसाने वकिलाला विचारल्याशिवाय या वाटेने जाऊ नये.

आणखी एक गोष्ट आहे. बायको नागरिक आणि नवरा एच-1बीवर, अशी घरं पुष्कळ आहेत. गन बायकोच्या नावावर असली तरी ती नवऱ्याच्या हाताशी उघडी पडलेली असेल, तर ती त्याच्याही ताब्यात आहे असं धरलं जाऊ शकतं. सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबासुद्धा व्हिसावरच असतात. अशा घरात कुलूप हवंच, आणि त्याचा कोडही एकाच माणसाकडे हवा.

टेक्सासमध्ये पिस्तूल घ्यायला वेगळा परवाना लागत नाही. दुकानात संघीय फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी झाली की हातात. न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळी परवानगी लागते, कॅलिफोर्नियात दहा दिवस थांबावं लागतं. आपल्या देशात लायसन्ससाठी कचेरीच्या किती खेपा होतात हे ज्यांनी गावाकडे पाहिलंय, त्यांना इथला वेग भीतीदायक वाटेल. मला वाटला.

भीती नेमकी कोणाची?

भारतीय घरं हेरून लुटतात ही अफवा नाही. 2011 ते 2014 या काळात जॉर्जिया, न्यूयॉर्क, ओहायो, मिशिगन आणि टेक्सासमध्ये भारतीय आणि आशियाई वंशाच्या कुटुंबांवर दरोडे घालणारी टोळी होती. माणसं घरात असताना ते आत शिरत. टोळीच्या म्होरक्या बाईला पुढे 37 वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे नवऱ्याची भीती पोकळ नव्हती.

पण घरफोडीचा मोठा हिशोब वेगळं सांगतो. अमेरिकी न्याय विभागाच्या 2003 ते 2007 च्या आकडेवारीनुसार वर्षाला सरासरी 37 लाख घरफोड्या झाल्या. घरचं कोणी हजर होतं अशा त्यांतल्या सुमारे 28 टक्के, आणि कुणावर हात उगारला गेला अशा सुमारे 7 टक्के. त्या 7 टक्क्यांतही बहुतेक वेळा हल्लेखोर ओळखीचा निघाला. बाकीच्या रिकाम्या घरात उशाशी ठेवलेलं पिस्तूल काय करणार? सोन्याबरोबर तेही चोरीला जाणार, आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात दिसणार.

म्हणून चोरीचा प्रश्न आणि दरोड्याचा प्रश्न वेगळे करा. चोरीला उत्तर बँकेचा लॉकर. मंगळसूत्र आणि रोजच्या बांगड्या सोडून घरात काही ठेवू नका, आणि लग्नाचे फोटो टाकताना तन्मणीपासून तोड्यांपर्यंतचं प्रदर्शन सगळ्या जगासाठी उघडं ठेवू नका. उरलेल्या दरोड्याच्या भीतीपुरताच गनचा विचार करायचा.

उशाशी भरलेली, की सेफमध्ये रिकामी?

खरी तुलना इथे आहे. मध्यरात्री दार फुटलं तर गन उपयोगी पडायला ती हाताशी आणि भरलेली हवी. मूल सुरक्षित राहायला ती लांब, कुलपात, रिकामी हवी, काडतुसं दुसऱ्या कुलपात हवीत. दोन्ही एकदम होत नाही. दुकानदार मधला मार्ग म्हणून पलंगाशेजारचा झटपट उघडणारा डबा दाखवतो.

असा एक डबा नवऱ्याच्या मित्राने आम्हाला आठवडाभर वापरून बघायला रिकामाच दिला. वर आकड्यांची बटणं, आत हात मावेल एवढी जागा. आत आम्ही टीव्हीचा रिमोट ठेवला. नवऱ्याने कोड लावला आणि मुलाला म्हटलं, उघडून दाखव. त्याने डबा मांडीवर घेतला, बटणांकडे तिरका करून पाहिलं, आधी स्वतःचा वाढदिवस दाबला, मग ताईचा. तिसऱ्या वेळी आमच्या लग्नाची तारीख दाबली आणि झाकण टुणकन वर आलं. एक मिनिटही लागलं नव्हतं. त्याच रात्री दोन वाजता गजर लावून नवऱ्याने अंधारात डबा उघडायचा प्रयत्न केला, तर पहिल्या दोन वेळा कोड चुकला. मुलगा नवऱ्यापेक्षा हुशार आहे असा याचा अर्थ नाही. मुलाकडे वेळ आणि कुतूहल होतं, आणि झोपेतून उठलेल्या माणसाकडे यातलं काहीच नसतं.

बोटाच्या ठशाने उघडणारे डबे त्याहून बरे असं वाटतं. पण 2023 मध्ये असे सुमारे 61 हजार सेफ बाजारातून परत मागवले गेले, कारण नोंद न केलेल्या बोटानेही ते उघडू शकत होते, आणि त्याआधी बारा वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला होता. डबा घेतलाच तर यांत्रिक बटणांचा किंवा किल्लीचा घ्या, फळीला बोल्टने जखडा, कोड तारखांचा ठेवू नका. ठशाचाच असेल तर नव्या बोटांनी उघडतो का ते स्वतः करून बघा.

केबल लॉक, म्हणजे गनमधून ओवायचं तारेचं कुलूप, पुष्कळ ठिकाणी पोलिसांकडून फुकट मिळतं. वर्गात ते लावून बघितलं. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचं खोकं, काढायचं, वरचा भाग मागे ओढून चेंबरमध्ये, म्हणजे झाडायची गोळी बसते त्या जागेत, डोळ्यांनी बघायचं, बोट घालूनही बघायचं, मग तार वरच्या खिडकीतून आत घालून खाली मॅगझिनच्या पोकळीतून बाहेर काढायची आणि कुलूप लावायचं. यातली चेंबरची पायरी कधीच गाळू नका. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं समजणारे वर्गात निम्मे होते. एक गोळी चेंबरमध्ये राहते आणि अनेक पिस्तुलं मॅगझिनशिवायही ती झाडतात.

कुलूप, रिकामी गन, काडतुसांना कुलूप आणि ती वेगळ्या जागी, या चारही सवयींनी मुलांच्या हातून होणारे अपघात आणि आत्महत्या कमी होतात, असं 2005 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. म्हणजे गन घ्यायचीच ठरली तर हाच मार्ग. पण मग मध्यरात्रीच्या दरोड्यासाठी ती जवळजवळ निरुपयोगी होते, हेही स्वतःशी कबूल करा.

"आम्ही मुलांना शिकवलंय"

हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं. 2001 मध्ये आठ ते बारा वयाच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन-तीन मुलांना एका खोलीत सोडलं, खणात एक खरं पिस्तूल लपवलं होतं आणि काचेमागून संशोधक पाहत होते. 29 गटांपैकी 21 गटांना ते सापडलं, 16 गटांनी हाताळलं, 10 गटांत कोणीतरी चाप ओढला. हाताळणाऱ्या किंवा चाप ओढणाऱ्या मुलांपैकी 90 टक्क्यांहून अधिक जणांना गनच्या सुरक्षेबद्दल आधी काहीतरी शिकवलेलं होतं. शिकवा, जरूर शिकवा: दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्यांना सांगायचं. पण त्या भरवशावर कुलूप उघडं ठेवू नका.

चौदा वर्षांची मुलगी

मला नको म्हणायला लावलं ते नऊ वर्षांच्या मुलाने नाही, चौदा वर्षांच्या मुलीने. अमेरिकेत गनने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. 2020 पासून मुलं आणि किशोरवयीन यांच्या मृत्यूचं पहिलं कारण गन आहे, मोटार अपघात मागे पडले. ह्यूस्टनमध्ये आत्महत्येच्या गंभीर प्रयत्नातून वाचलेल्या 13 ते 34 वयाच्या लोकांशी बोलून एक अभ्यास झाला. त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याने सांगितलं की निर्णय आणि कृती यांत पाच मिनिटंही गेली नव्हती. बहुतेक मार्गांत वाचण्याची, पश्चात्तापाची, कोणीतरी येऊन पोचण्याची संधी उरते. गनमध्ये ती जवळजवळ उरत नाही.

आपल्या घरांत मार्कांचं, कॉलेजच्या प्रवेशाचं दडपण किती असतं हे आपण जाणतो. मुलगी खोलीचं दार लावून बसली की आत काय चाललंय हे मला नेहमी कळतंच असं नाही. आणि या वयाच्या मुलांपासून किल्लीची जागा लपत नाही. घरात सध्या कोणीही निराशेत असेल, मूल असो की मोठं माणूस, तर गन घेण्याचा विचार बाजूला ठेवा, आधीच असेल तर काही काळ घराबाहेर सुरक्षित जागी हलवा. 988 हा मदतीचा फोन नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

कायदा आणि भिंती

टेक्सासमध्ये 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली गन लागली, तर निष्काळजीपणे ठेवणाऱ्यावर गुन्हा होतो. मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत 2021 मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने गोळीबार केला. 2024 मध्ये त्याच्या आई आणि वडील दोघांना मनुष्यवधासाठी 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली. आणखी एक साधी गोष्ट: इथल्या घरांच्या आतल्या भिंती शीटरॉकच्या, म्हणजे जिप्समच्या पातळ तक्त्यांच्या. आमची खोली आणि मुलाची खोली यांच्यामध्ये अर्ध्या इंचाचे दोन तक्ते आणि पोकळी. पिस्तुलाची गोळी त्यातून सहज पार जाते.

कुणासाठी पारडं दुसरीकडे झुकतं?

शेरिफ, म्हणजे तिथले पोलीस, पोचायला अर्धा तास लागेल अशा आडजागी राहणाऱ्यांसाठी, किंवा एखादा माणूस खरोखर मागावर असलेल्या बाईसाठी हिशोब वेगळा होऊ शकतो. त्यांना मी नको म्हणणार नाही. त्यांनी वर्ग करावा, नेमाने सराव करावा, गन अंगावर नसेल तेव्हा कुलपात ठेवावी. उपनगरातल्या, पोलीस जवळ असलेल्या, मुलं असलेल्या घरासाठी मात्र माझं मत ठाम आहे.

आम्ही त्याऐवजी काय केलं ते थोडक्यात. सोनं लॉकरमध्ये. पुढच्या दाराच्या चौकटीवर डेडबोल्ट, म्हणजे कुलपाचा जाड अडसर, अडकतो त्या पट्टीचे आखूड स्क्रू काढून तीन इंची लावले, म्हणजे ते आतल्या लाकडी खांबापर्यंत जातात. सरकत्या दाराच्या खोबणीत दांडा. अलार्म, बाहेर हालचालीवर लागणारे दिवे. आमच्या झोपण्याच्या खोलीला भरीव दार आणि कडी, आत चार्जरला लावलेला फोन. कोणी दार फोडू लागलं तर मुलांना घेऊन तिथे शिरायचं आणि 911 ला, म्हणजे पोलिसांना, फोन करायचा. हे आम्ही दोनदा करून पाहिलं.

आपल्या घरात गन नसली तरी प्रश्न संपत नाही. गणपतीला, हळदीकुंकवाला आपण कुणाकडे जातो तेव्हा सगळ्यांचे कोट आणि पर्स यजमानांच्या पलंगावर टाकतात, आणि मुलं त्याच खोलीत, त्याच क्लॉझेटमध्ये लपाछपी खेळतात. शेंगदाण्याच्या ॲलर्जीबद्दल सांगतो त्याच दमात हेही विचारायचं असं मी ठरवलं. पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळली. "वहिनी, राग मानू नका, घरात गन आहे का? असेल तर कुलपात आहे ना?"

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आहे गं. ये, दाखवते." वर नेऊन त्यांनी क्लॉझेटमधली जखडलेली पेटी दाखवली, ओढून बघायला लावली. खाली येताना पलंगावरचे सगळे कोट उचलून त्यांनी गेस्टरूममध्ये नेऊन ठेवले आणि आपल्या खोलीचं दार ओढून घेतलं.