28 टक्क्यांचे बूट

पैसे गेले साडेपाच हजार. तेवढे कधी ना कधी, कुठे तरी जातातच. मी विसरूनही गेले असते. पण माझ्या शब्दावर आमच्या चालण्याच्या ग्रुपमधल्या तिघींनी तेच बूट घेतले, ते काही विसरता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

आम्ही सहा जणी रोज पहाटे साडेपाचला नाशिकच्या गोल्फ क्लबवर चालायला जातो. (मैदानाचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला तसं सांगून बघा.) माझं वय 56. गुडघे अजून बरे आहेत, वजन मात्र निवृत्तीनंतर हट्टाला पेटलंय. रोज पाऊण तास चालूनही काटा हलत नाही, कारण रविवारचं चालणं मिसळीच्या टेबलावर संपतं. हे कारण मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मिसळ सोडण्यापेक्षा बूट बदलणं सोपं वाटलं.

जानेवारीत गंगापूर रोडच्या एका मैदानावर गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं. लोणची, पापड, फरशी पुसायचे मॉप, आणि त्यांच्या मधोमध एक स्टॉल : 'टोनिंग शूज. तुम्ही फक्त चाला.' कंपनीचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. पांढरा कोट घातलेला पंचविशीतला मुलगा उभा. मागच्या फलकावर आफ्रिकेतल्या मसाई लोकांचा फोटो, खाली 'स्विस तंत्रज्ञान', आणि लाल अक्षरांत : नितंबांचे स्नायू 28 टक्के जास्त मजबूत, मांडीच्या मागचे आणि पोटरीचे 11 टक्के. हे आकडे माझ्या डोक्यात घट्ट बसले. 30 लिहिलं असतं तर थाप वाटली असती. 28 म्हणजे कुणीतरी बसून मोजलेलं असणार!

बुटाचं सोल होडीच्या बुडासारखं. टाचेकडे आणि चवड्याकडे उचललेलं, मध्ये फुगीर. उभं राहिलं की माणूस पुढेमागे डुलतो. "काकू, सपाट बुटात स्नायू झोपलेले असतात," मुलगा म्हणाला. "यात तोल सावरायला ते सतत जागे राहतात. तुम्ही भाजी आणायला गेलात तरी जिम होते."

मग त्यानं प्रयोग केला. मला माझ्या जुन्या बुटांत एका पायावर उभं केलं, दोन्ही हात आडवे करायला सांगितले आणि एका मनगटावर दोन बोटांनी दाबलं. मी कलंडले. मग त्याचे बूट घालायला दिले. पुन्हा एक पाय, पुन्हा हात आडवे, पुन्हा दाब. मी जागची हलले नाही. तो दात-ओठ खाऊन दाबतोय आणि मी खांबासारखी उभी! भोवतीच्या बायकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत माझं डोकं चालायचं थांबलं. नाही तर एवढं तरी सुचायला हवं होतं की बाई गं, बूट डुगडुगतात म्हणून व्यायाम होतो असं हाच सांगतोय, आणि याच बुटांनी तोल पक्का होतो असंही हाच दाखवतोय. दोन्ही एकदम खरं कसं असेल?

बारा हजारांचे बूट 'प्रदर्शन किंमत' साडेपाच हजार. पैसे घेता घेता तो म्हणाला, "पहिले पंधरा दिवस पोटऱ्या दुखतील. दुखलं की समजा, लागू पडतंय."

साडेपाच हजार मी बुटांना दिले नाहीत, या वाक्याला दिले.

कारण तिसऱ्याच दिवशी पोटऱ्या दुखायला लागल्या आणि मी खूश! इतक्या वर्षांत चालून कधी काही दुखलं नव्हतं. ट्रॅकवर एकेकीला थांबवून सांगायचे, "हात लावून बघ, कशी कडक झालीय." प्रदर्शन उठायच्या आदल्या दिवशी तिघी माझ्याबरोबर आल्या आणि तीन जोड घेऊन गेल्या. त्या मुलानं मला दोन मोज्यांचे जोड फुकट दिले. तेव्हा वाटलं, किती अगत्याचा पोरगा. ते माझं कमिशन होतं हे नंतर कळलं.

फेब्रुवारीच्या शेवटी, चालणं आटोपून तिडके कॉलनीतल्या घराकडे परत येताना फुटपाथच्या एका उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय पडला. साध्या बुटात ठेच लागून भागलं असतं. इथे ते गोल सोल बाजूला कलंडलं आणि पाय आतल्या अंगाला मुडपला. एक्स-रेत हाड शाबूत निघालं, लिगामेंट ताणलं गेलेलं. तीन आठवडे घोट्याला पट्टा.

सिन्नरच्या बहिणीची मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. ती बघायला आली आणि घोट्याआधी तिनं बूट हातात घेतले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले तर एकेक बूट साडेपाचशे ग्रॅमच्या वर. माझा जुना बूट त्याच्या निम्माही नाही. "मावशी, पोटरी दुखली कारण पायाला सवय नव्हती," ती म्हणाली. "उद्या उंच टाचा घालून चाललीस तरी दुखेल. दुखणं म्हणजे ताकद वाढणं नव्हे." मग एकदम विचारलं, "आणखी कुणाकडे आहेत हे?"

मी नावं सांगितली. त्यात माई होत्या. 68 वर्षांच्या, बारा वर्षांचा मधुमेह, तळपायांना बधिरपणा. स्टॉलवरच्या मुलाला त्यांनी विचारलंही होतं, तो म्हणाला होता, "डायबेटिसवाल्यांसाठी तर खासच." भाचीचा चेहरा उतरला. तळवा गोल असलेले बूट डॉक्टर देतात, तिनं सांगितलं. अंगठ्याचा सांधा धरला असेल, किंवा मधुमेहात चवड्यावर जखम होऊ नये म्हणून. पण ते पाय तपासून, मापानं बनवून घेतात. ज्यांना पायाखालचं नीट कळतच नाही त्यांना असे डुगडुगते बूट घालून रस्त्यावर पाठवणं म्हणजे पडायला पाठवणं. त्याच संध्याकाळी लंगडत रिक्षात बसले आणि माईंकडे गेले. त्या तेच बूट घालून गॅलरीत तुळशीला पाणी घालत होत्या.

घरात बसून होते तेव्हा त्या 28चा पत्ता लावायचं ठरवलं. भाचीनं फोनवर शोधून दिलं. तो आकडा त्या मुलाचा नव्हता, स्वित्झर्लंडचाही नव्हता. स्वित्झर्लंडचं म्हणायचं तर मसाईंच्या चालीवरून सुचलेले गोल तळव्याचे बूट 1996 मध्ये तिथल्या कार्ल म्यूलर नावाच्या इंजिनिअरनं आणले, एवढं खरं. पण 28 आणि 11 टक्के हे रिबॉकच्या 'ईझीटोन' बुटांच्या अमेरिकेतल्या जाहिरातींतले आकडे. या दाव्यांना पुरेसा आधार नाही असं म्हणत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं (ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी आयोगानं) कारवाई केली आणि सप्टेंबर 2011 मध्ये कंपनीनं ग्राहकांच्या परताव्यासाठी अडीच कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. 2012च्या मे महिन्यात स्केचर्स कंपनीनं 'शेप-अप्स' या तसल्याच बुटांसाठी चार कोटी डॉलर. चूक कबूल न करता तडजोड केली दोघांनीही, हेही सांगायला हवं. स्केचर्सच्या जाहिरातीत एका कायरोप्रॅक्टरनं (हातानं मणके-सांधे दाबून उपचार करणाऱ्यानं) बुटांची शिफारस केली होती. आयोगाच्या म्हणण्यानुसार त्याची बायको त्याच कंपनीत मार्केटिंगच्या हुद्द्यावर होती आणि जाहिरातीत हे सांगितलेलं नव्हतं. म्हणजे पांढरा कोट तिथेही होता.

त्याच्याही आधी, 2010 मध्ये, अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजनं विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या संशोधकांकडून चाचणी करून घेतली होती. 12-12 तरुणींचे दोन गट, ट्रेडमिलवर. एका गटाचे हृदयाचे ठोके, प्राणवायू आणि उष्मांक मोजले, दुसऱ्याच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावले. टोनिंगच्या तीन प्रकारच्या बुटांत आणि साध्या धावायच्या बुटांत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. जो आकडा तिकडे 2011 मध्येच अंगाशी आला, तो आमच्याकडे लाल अक्षरांत छापून विकला जातोय.

राहिला तो तोलाचा प्रयोग. भाचीनं मला भिंतीशी उभं केलं (पट्ट्याच्या पायावर नव्हे) आणि तोच प्रयोग करून दाखवला. पहिल्या वेळी मनगटावर दाबताना बोटं किंचित बाहेरच्या बाजूला ओढायची; भार शरीराच्या बाहेर पडतो आणि माणूस कलंडतो. दुसऱ्या वेळी कोपराच्या जवळ आणि किंचित आत, अंगाकडे दाबायचं. भार सरळ पायात उतरतो. वर दुसऱ्या वेळी आपण सावध असतो तो फायदा वेगळाच. 'पॉवर बॅलन्स' नावाची मनगटात घालायची रबरी कडी याच हातचलाखीवर खपायची; त्यांच्या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही हे 2010च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात कंपनीला जाहीरपणे मान्य करावं लागलं. तुम्हाला कुणी बूट, कडं, चटई, खडा, काहीही देऊन एका पायावर उभं करायला लागला, तर पाकीट आत ठेवा.

तक्रारीचं सांगते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. बाई शांतपणे बोलल्या, पहिला प्रश्न : बिल आहे का? होती एक गुलाबी चिठ्ठी. तारीख, 'शूज 1 नग', 5500. पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही. मोबाइल नंबर होता, तो बंद. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. सगळं आहे. पण प्रतिवादीच्या रकान्यात मी काय लिहू, 'पांढऱ्या कोटातला मुलगा'? प्रदर्शन भरवणाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, स्टॉलवाले दर गावी बदलतात. तेव्हा स्टॉलवर पक्कं बिल मागा आणि त्यावरचा नंबर तिथेच उभं राहून लावून बघा. मी बूट घालून बघितले आणि नंबर लावला नाही.

तिघींना पैसे देऊ केले. एकीनं घेतले, बरं वाटलं. दुसरी महिनाभर ट्रॅकवर उलट्या दिशेनं चालत होती, आता बोलते. माईंनी पैसे हातात धरले नाहीत. त्यांना भाचीचा प्रयोग करून दाखवला. आधी रिकाम्या हातानं, मग त्यांच्याच टोपलीतला एक कांदा हातात देऊन. रिकाम्या हातानं कलंडल्या, कांदा धरून ताठ उभ्या. पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. आता दर पाहुण्याला भिंतीशी उभं करून हातात कांदा देतात आणि विचारतात, "लासलगावचा आहे, स्विस तंत्रज्ञान. किती देता?"