मावळातलं 'हीलिंग' शिबिर: जेवण आणि देवराई फर्स्ट क्लास, बाकीचं जपून

५ पैकी अडीच स्टार. त्यातले दोन स्वयंपाकघरातल्या मावशींचे, अर्धा देवराईचा. आयोजकांच्या वाट्याला काही उरत नाही, माफ करा.

आधी मी गेले कशाला ते सांगते. मी मूळची सांगलीची. २००५ च्या पुरात आमच्या घराच्या दुसऱ्या पायरीला पाणी टेकलं आणि परत गेलं, बाबांनी भिंतीवर खूण पण करून ठेवलेली, त्यामुळे ऑगस्ट २०१९ ला आख्खं घर त्या खुणेच्या भरवशावर निवांत बसलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी, २००५ ला ५३ च्या वर गेलेलं, आणि २०१९ ला गेलं ५७ च्या वर. खालचा मजला गेला. मी, आई आणि आजी दोन रात्री गच्चीवर, लाइट नाही, फोन बंद, आणि अंधारात पाण्याचा तो आवाज. बोटीतून बाहेर निघालो, घर साफ केलं, भांडी घासली, सगळं 'ठीक' झालं. आता पुण्यात चौथ्या मजल्यावर राहते तरी पावसाळ्यात रात्री पत्र्यावर सर आली की उठून जिन्यात पाणी आलंय का बघून येते. एकदा ऑफिसमध्ये ढगफुटीसारखा पडला तर हातापायाला मुंग्या येऊन बाथरूममध्ये बसून राहिले.

तर या शिबिराची जाहिरात दिसली. थेरपी, निसर्ग आणि पूर्वजांचं शहाणपण, तीन दिवस दोन रात्री, १६,५०० रुपये, जूनचा शेवटचा आठवडा. पावसाला घाबरणारी बाई जूनमध्ये मावळात, हो हो कळतंय मला, पण फोनवर म्हणाले तेच तर हीलिंग आहे. कुठला फॉर्म भरून घेतला नाही, गोळ्या चालू आहेत का, पॅनिक येतो का, घरी कोण आहे, काही विचारलं नाही. विचारलं काय, तर व्हेज की नॉनव्हेज. नाव लिहीत नाही, अशी आता ढिगानं निघालीत.

जागा मस्त, खोल्या स्वच्छ, गरम पाणी वेळेवर. जेवणाबद्दल वेगळा रिव्ह्यू लिहायला पाहिजे, इंद्रायणीचा वाफाळता भात, नाचणीची भाकरी आणि पहिल्या पावसात उगवलेल्या टाकळ्याची भाजी, मी तीन वेळा मागून घेतली.

पहिल्या दिवशी 'पूर्वजांचं' सेशन. सेज जाळला, म्हणजे अमेरिकेतून आलेली पाल्याची जुडी, आपल्याकडे ऊद-धूप काय कमी पडला काय. मग तिबेटी वाट्या वाजवल्या, त्या बऱ्या वाटल्या, झोप आली. मग शिबिर घेणारे सर म्हणाले तुझी पाण्याची भीती तुझी नाहीच, तुझ्या पणजीची अडकलेली भीती आहे, तिला पत्र लिहून माफ कर. माझी पणजी ऐन श्रावणात कृष्णेत उडी मारायची, सगळ्या गल्लीला माहितीये! मी हसले तर म्हणे हा रेझिस्टन्स आहे.

दुसऱ्या दिवशी खरा घोळ झाला. सगळ्यांना अंगणात गोल करून उभं केलं, डोळे मिटा, पाऊस अंगावर घ्या, तो प्रसंग पुन्हा जगा आणि ओरडा. धो धो चालू होता. मी दोन मिनिटांत खाली बसले, श्वास लागेना, आणि सर लांबून म्हणतायत येऊ दे, सगळं बाहेर येऊ दे. बाहेर काही आलं नाही, उलटी सोडून. अजून एक मुलगी थरथर कापत होती, तिच्याकडे तर कुणाचं लक्षच नव्हतं.

मला उचलून आत नेलं ते मावशींनी. चुलीजवळ बसवलं, हातात लसूण दिला सोलायला. "ताई, बोलू नका, निस्तं सोला." तीस-चाळीस पाकळ्या सोलल्या असतील, श्वास जाग्यावर आला.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर त्याच मावशी देवराईत घेऊन गेल्या, प्रोग्राममध्ये नव्हतं हे. चपला बाहेर काढायच्या. पडलेली काटकी पण घरी न्यायची नाही, देवाची आहे. भेरली माड आभाळात गेलेले, गारंबीची वेल मांडीएवढी जाड, आत जमिनीवर इतका पाला की पाय मऊ पडतात आणि पानांवरून गळणारं पाणी अगदी हळू येतं. पाऊस असाही वाजतो हे मी २०१९ नंतर पहिल्यांदा ऐकलं. मावशी त्यांच्या सासूबद्दल बोलत होत्या, ती जात्यावर बसली की रडगाणं ओवीत घालायची, उठली की मोकळी. मुळशी-मावळ पट्ट्यातल्या बायकांच्या अशाच ओव्या गी पॉइटविन आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी जमवल्या, गावोगावच्या मिळून लाखाच्या वर आहेत, 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) च्या साइटवर ऐकायला मिळतात. पूर्वजांचं शहाणपण एवढं हाताशी होतं आणि त्या बाईंना सेशन घ्यायला न सांगता भाकऱ्या थापायला लावलं होतं.

घरी आल्यावर आठवडाभर झोप नाही. शेवटी पुण्यात एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेले. पहिले दोन सेशन पुराचा विषयच नाही, फक्त माहिती घेतली आणि घाबरल्यावर परत जाग्यावर कसं यायचं ते शिकवलं, पाय जमिनीला टेकव, पाच वस्तू बघून नावं घे वगैरे (लसूणच की हा). मग फोनवर पावसाचा आवाज, सगळ्यात बारीक, एक मिनिट. पुढच्या वेळी थोडा मोठा, बटण माझ्या हातात. मग ईएमडीआर सुरू केलं, म्हणजे ती आठवण मनात धरून डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे, बाहेरून बघणाऱ्याला येडेपणा वाटेल पण २०१३ ला डब्ल्यूएचओने पीटीएसडीसाठी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणाऱ्या त्रासासाठी, सुचवलेल्या उपचारांत हे आहे. त्या मॅडमना शिबिराचं सांगितलं तर म्हणाल्या आठवणीकडे जायचंच असतं, पण परत यायचा रस्ता आधी बांधून मग.

जाणार असाल तर आधी विचारा, सेशन घेणाऱ्याचं आरसीआय, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं, रजिस्ट्रेशन आहे का, कारण क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला ते लागतंच. आमच्या सरांकडे भिंतीवर सात सर्टिफिकेटं होती, हे नव्हतं. कुणाला मध्येच त्रास झाला तर काय करणार तेही विचारा. आणि पैसे नसतील तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलतात.

अर्धे पैसे परत मागितले मी. उत्तर आलं, तुमच्या प्रवासाबद्दल कृतज्ञता, सोबत हात जोडलेली इमोजी आणि ऑक्टोबरच्या बॅचला दहा टक्के सूट. मावशींचा नंबर मात्र घेतलाय. डिसेंबरमध्ये आईला घेऊन जाणार आहे, त्यांच्याच घरी, भात खायला.