मानसरोवर की आदि कैलास? बेळगावहून निघणाऱ्यांसाठी

शहापूर-वडगावात किंवा खानापुरात कोणी ‘यंदा कैलास करायचाच’ म्हणालं, तर आधी विचारा, कुठला? तिबेटातला, मानसरोवराकाठचा, की उत्तराखंडच्या पिथोरागड जिल्ह्यातला आदि कैलास? जाहिरातीत दोन्हीकडे ध्यान, मंत्र आणि आत्मशोध सारखाच छापलेला असतो. खरा फरक उंचीत, दिवसांत आणि कागदपत्रांत आहे.

पाच वर्षं बंद राहिलेली मानसरोवरची सरकारी यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तेव्हा उत्तराखंडच्या लिपुलेख खिंडीतून पन्नास जणांच्या पाच तुकड्या होत्या, सिक्कीमच्या नाथू ला खिंडीतून दहा. वय १८ ते ७०, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ पर्यंत, पासपोर्ट हवा आणि सोडतीत नाव लागायला हवं. त्या वर्षी लिपुलेखने साधारण पावणेदोन लाख खर्च होता, नाथू लाने पावणेतीन लाखांच्या वर. तीन आठवडे सहज जातात आणि हंगाम जून ते ऑगस्ट, म्हणजे खानापूरकडे नेमकी भातलावणी. कर्नाटकातल्या यात्रेकरूंना राज्य सरकार अनुदान देतं; त्याचे नियम निघण्याआधी विचारून ठेवा. दिल्लीतल्या तपासणीत डॉक्टर रक्तदाब बघून सरळ घरी पाठवू शकतात. लोक यावर कुरकुरतात, मला मात्र ही या यात्रेची सगळ्यात चांगली बाजू वाटते. कैलासाची परिक्रमा पन्नासेक किलोमीटरची, तीन दिवसांची, आणि वाटेतली डोल्मा ला खिंड ५,६०० मीटरच्या वर. आपलं बेळगाव जेमतेम साडेसातशे मीटरवर. रोज राजहंसगड चढून पाय तयार होतील, विरळ हवेची सवय होणार नाही.

आदि कैलासला पासपोर्ट नको, इनर लाइन परमिट, म्हणजे सीमाभागात जायचा सरकारी परवाना पुरतो. गोवा एक्सप्रेसने दिल्ली, तिथून रेल्वेने काठगोदाम, पुढे गाडी. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. मधल्या पावसात दरडी कोसळतात. आता गाडी जोलिंगकोंगपर्यंत जाते, आणि गोम तिथेच आहे. वाटेतलं धारचुला हजार मीटरच्या आत, गुंजी ३,२०० च्या आसपास, जोलिंगकोंग ४,५०० च्या वर. चालावं लागत नाही म्हणून आजीलाही घेऊन जातात, आणि शरीराला सवय व्हायच्या आत गाडी वर पोचलेली असते. तेव्हा नेणाऱ्याला विचारा: गुंजीत मुक्काम किती? गाडीत ऑक्सिजन आहे का? एकाचं डोकं दुखून उलट्या सुरू झाल्या, तर त्याला रातोरात खाली कोण आणणार, कुठल्या गाडीने? ‘भोलेनाथ बघून घेतील’ असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा. ध्यान शिकवणारा गुरू बरोबर असला तरी हे प्रश्न सुटत नाहीत.

हिमालय पहिल्यांदाच असेल तर माझं मत आदि कैलासला, गणपती झाल्यावर, गुंजीत दोन रात्री राहून. बर्फात ॐ उमटलेला ओम पर्वत याच यात्रेत, गुंजीपुढच्या नाभीढांगहून दिसतो. ढग चढायच्या आत, सकाळी लवकर जा. उंचीवर एकदा राहून झालंय, रजा आहे आणि सोडतीची वाट बघायची तयारी आहे, त्यांनी मानसरोवरला अर्ज करावा.

हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्हीकडे जाऊ नका. रानातला देवच हवा असेल तर आपल्याच खानापूर तालुक्यात कणकुंबीला माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम आहे. पलीकडच्या भीमगड अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याची परवानगी घ्या. हब्बनहट्टीचा मारुती मात्र पावसाळ्यात नदीच्या पाण्याखाली असतो, तिकडे उन्हाळ्यात जा.