अ‍ॅक्स-कोअर सात-आठ महिने वापरल्यावर: काय पकडतं आणि मराठी पानावर काय सोडून देतं

आमची कंपनी नाशिकच्या गंगापूर रोडवरची, छोटीशी. गिऱ्हाइकं म्हणजे पतसंस्था, शाळा, द्राक्षं बाहेर पाठवणाऱ्या शेतकरी कंपन्या आणि सातपूर-अंबडचे काही कारखानदार. आम्ही साइट बनवून देतो, मग ती सांभाळतो. टेस्टिंग माझ्याकडे असतं. अ‍ॅक्सेसिबिलिटी, म्हणजे दिव्यांगांनाही साइट वापरता येणं, याबद्दल पूर्वी कुणी विचारायचं नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा आहे, पण तो आमच्या मीटिंगमध्ये कधी आला नव्हता. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या प्रकरणात निकाल दिला की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१च्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्यानंतर एका पतसंस्थेच्या सीएंनी फोन करून विचारलं, "आपली साइट त्यात बसते का हो?" तिथून हे काम सुरू झालं.

सुरुवातीला साइटमधल्या अशा अडचणी आपोआप शोधणारी वेव्ह, लाइटहाउस आणि अ‍ॅक्स अशी तिन्ही साधनं लावून पाहिली. वेव्ह पानावरच खुणा काढून दाखवतं, त्यामुळे डिझायनरला शेजारी बसवून समजावायला ते मस्त. लाइटहाउस क्रोममध्ये आयतं असतं आणि १०० पैकी गुण देतं. पण त्याच्या आत अ‍ॅक्सचंच इंजिन आहे, नियम मात्र निवडक घेतलेत. मग मूळ मालच का घेऊ नये? अ‍ॅक्स-कोअर हे तेच इंजिन, डीक्यू (Deque) कंपनीचं, २०१५पासून मुक्त स्रोत. पैसे लागत नाहीत. ब्राउझरच्या एक्स्टेंशनमध्ये काही सोयी पैशाच्या आहेत, आमचं त्यांच्यावाचून अडलं नाही.

बसवणं सोपं होतं. आमच्या प्लेराइटच्या (ब्राउझर आपोआप चालवून साइट तपासणारं साधन) टेस्ट आधीच होत्या, त्यांना अ‍ॅक्सचं पॅकेज जोडलं. आता प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (कोडमधला बदल मुख्य कोडात घेण्याची विनंती) मुख्य पानं तपासली जातात आणि एक जरी उल्लंघन निघालं तरी बिल्ड लाल होतं, म्हणजे बदल अडतो. पहिल्याच धावेला इतकी मोठी यादी आली की मुलं हबकली. नीट पाहिलं तर निम्मीअधिक भर वरच्या मेन्यूमुळे होती: नाव नसलेल्या त्याच तीन आयकॉन-लिंक प्रत्येक पानावर पुन्हा पुन्हा मोजलेल्या. एक टेम्प्लेट सुधारल्यावर यादी बरीच आटोक्यात आली. नवीन बसवणाऱ्यांना एवढंच सांगेन की सुरुवातीला डब्ल्यूसीएजी या जागतिक निकषांच्या ए आणि एए पातळीचेच नियम चालू ठेवा. "चांगली पद्धत" या गटातले नियम निकषांत बसत नाहीत. ते पहिल्याच दिवशी लावले तर टीम सगळ्याच इशाऱ्यांकडे काणाडोळा करायला लागते.

या साधनाने ज्या गोष्टी पक्क्या पकडल्या त्यात रंगांचं पारडं सर्वांत जड. एका संस्थेच्या साइटवर भगव्या पट्टीवर पांढरी अक्षरं होती, अगदी नेहमीचा भगवा. अ‍ॅक्सने अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजेडातल्या फरकाचं गुणोत्तर दिलं २.१३. साध्या आकाराच्या मजकुराला निदान ४.५ लागतं, मोठ्या अक्षरांना ३ चालतं. डिझायनरचं म्हणणं, "माझ्या स्क्रीनवर तर छान दिसतंय." त्याला मोबाइल घेऊन दुपारी बाराच्या उन्हात गच्चीवर पाठवलं. तो बिचारा खाली येऊन गप्प बसला. पण भगवा बदलायला अध्यक्ष तयार होईनात, आणि ते ठीकच होतं. पट्टी तीच ठेवून अक्षरं काळी केली तर गुणोत्तर ९.८६ होतं. अध्यक्षही खूश आणि बिल्डही हिरवं. असा वाद आकड्यावर मिटतो हा मोठा फायदा, नाहीतर रंगाच्या चर्चेत अख्खी दुपार जाते.

दुसरा फायदा म्हणजे एकदा सुधारलेलं पुन्हा बिघडत नाही. नवा मुलगा येतो, घाईत इनपुटचं लेबल काढून टाकतो, आणि बिल्ड लगेच अडतं. मला कुणावर चिडावं लागत नाही, मशीनच सांगतं. फक्त ही राखण कोडपुरती आहे हे विसरू नका. गिऱ्हाइकाच्या ऑफिसातला क्लार्क अ‍ॅडमिनमधून वार्षिक सभेचे फोटो चढवतो, ते कुठल्याही पुल रिक्वेस्टमधून जात नाहीत. त्यासाठी चालू साइटवर रात्री एक वेगळी फेरी लावली. सकाळी चहाच्या वेळेला मेल येतो.

आता तक्रारी. त्या जरा लांब आहेत.

पहिली गोष्ट, अ‍ॅक्सचे निकाल दोन ढिगांत येतात: पक्की उल्लंघनं आणि "माणसाने बघा" असे अपूर्ण निकाल. पानाच्या सुरुवातीला द्राक्षबागेचा फोटो आणि त्यावर पांढरा मथळा असेल तर मागचा रंग कुठला धरायचा हे मशीनला ठरवता येत नाही. ते प्रकरण दुसऱ्या ढिगात जातं. टेस्टमध्ये नेहमीप्रमाणे "उल्लंघनं शून्य" एवढीच अट लिहिली असेल तर तो ढीग कुणी उघडतच नाही आणि बिल्ड दिमाखात हिरवं राहतं. आम्ही अपूर्ण निकालांची वेगळी फाइल काढतो आणि दर रिलीजआधी ती मी डोळ्यांनी बघते. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय दिसला नाही.

दुसरी, पानावर त्या क्षणी जे उघडं आहे तेवढंच ते तपासतं. चुकीचा पॅन नंबर टाकल्यावर येणारा लाल संदेश, कर्जाच्या कॅल्क्युलेटरची पॉपअप, मोबाइलवरचा मेन्यू हे सगळं टेस्टमधून क्लिक करून उघडावं लागतं आणि मग अ‍ॅक्स पुन्हा चालवावं लागतं. पान उघडलं, अ‍ॅक्स चालवलं, झालं, असं करणाऱ्यांच्या साइटवर खरी अडचण फॉर्मच्या चुकांपाशीच दडलेली असते.

तिसरी मला सर्वांत जास्त खुपते, कारण ती आपल्या भाषेची आहे. अख्खं पान मराठीत, पण वर्डप्रेसची थीम इंग्रजी गृहीत धरून आलेली, त्यामुळे एचटीएमएलच्या माथ्यावर भाषा "इंग्रजी, अमेरिका". अ‍ॅक्स काय बघतं? भाषेची नोंद आहे का, आणि तो कोड खरा आहे का. दोन्ही आहेत. पास! पानावरचा मजकूर त्या भाषेत आहे का, हे ते बघतच नाही. स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मात्र त्या नोंदीवर विसंबून इंग्रजी आवाज लावू शकतो, आणि काही इंग्रजी आवाज देवनागरी मजकूर सरळ गाळून पुढे जातात. म्हणजे ठेवींच्या व्याजदरांचं पान उघडलं की ऐकू येतात फक्त आकडे आणि मधले दोन-चार इंग्रजी शब्द. दर ऐकू येतो, पण किती मुदतीसाठी ते कळत नाही. दुरुस्ती दोन अक्षरांची आहे, "एम आर". आम्ही त्यासाठी स्वतःची छोटी टेस्ट लिहिली: पानात देवनागरी अक्षरं बहुसंख्य असतील आणि भाषेची नोंद मराठी नसेल तर बिल्ड लाल. असं काही अ‍ॅक्समध्येच असायला हवं होतं.

याच जातीचं दुसरं दुखणं म्हणजे जुने फॉन्ट. संस्थांचे अहवाल अजूनही प्रेसमधून येतात आणि डीटीपीवाले श्रीलिपी नाहीतर कृतीदेवमध्ये टाइप करतात. कृतीदेवमध्ये "मराठी" हा शब्द डोळ्यांना मराठी दिसतो, आत मात्र ई-जे-के-बी-एच ही रोमन अक्षरं असतात. कॉपी करून नोटपॅडमध्ये डकवून बघा. अशा पीडीएफमध्ये शोधलं तर काही सापडत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या कानावर नुसता रोमन अक्षरांचा खच पडतो. अ‍ॅक्स-कोअर पीडीएफ उघडतच नाही, ते त्याचं कामही नाही. पण "साइट तपासली" म्हटल्यावर संचालकांना वाटतं अहवालही तपासला गेला. आता आम्ही प्रेसकडून युनिकोडमधलाच मजकूर मागतो. भांडणं होतात, मग मिळतो.

पर्यायी मजकुराचंही तसंच. फोटोला काहीतरी ऑल्ट (फोटोत काय आहे ते सांगणारा मजकूर) आहे एवढं बघून अ‍ॅक्स पुढे जातं. "फोटो" लिहा, "अबक" लिहा, पास. लेबलच्या जागी नुसता प्लेसहोल्डर (रकान्यातली फिकट सूचना) असला तरी लेबलचा नियम पार होतो. टाइप करायला लागल्यावर तो नाहीसा होतो, याची मशीनला काय फिकीर!

हे सगळं कागदावर माहीत असणं वेगळं. आमच्या ओळखीचे एक काका आहेत, दृष्टिहीन, बँकेतून निवृत्त, रोज एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरणारे. मानधन ठरवून त्यांना एका संस्थेचा ठेवीचा अर्ज भरायला दिला. अ‍ॅक्सच्या हिशेबाने पान चकाचक होतं, लाइटहाउसचे १०० पैकी १०० गुण. काका टॅब दाबत गेले: नाव, मोबाइल, रक्कम, सबमिट. मग थांबले.

"ताई, वर 'शाखा निवडा' असं वाचलं त्याने. पण निवडू कुठून?"

शाखेचा ड्रॉपडाउन साध्या डिव्हमध्ये (एचटीएमएलचा नुसता ठोकळा) क्लिक लावून बनवलेला होता, गिऱ्हाइकाने दिलेल्या तयार थीममधला. माउसने उघडतो, टॅबने तिथे जाताच येत नाही. अ‍ॅक्सला तो नुसता मजकुराचा ठोकळा दिसतो, कारण क्लिकचं कोड जावास्क्रिप्टमध्ये असतं आणि तक्रार करण्यासारखं एचटीएमएलमध्ये काही उरत नाही. त्याजागी साधा सिलेक्ट (एचटीएमएलमधली आयती निवड-यादी) लावला. डिझायनरला तो कुरूप वाटतो. असू दे. काकांनी पुढच्या वेळी तो फॉर्म न अडखळता भरला, आणि जाता जाता सांगितलं की ओटीपीची मुदत संपत आली की आधी काही सूचना मिळत नाही. तेही कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हतं.

मग साधन घ्यायचं की नाही? घ्याच. फुकट आहे, खोट्या तक्रारी फारच कमी करतं, आणि जे पकडतं ते पकडायला माणसाचा वेळ घालवणं वेडेपणा आहे. मी नियमाने अद्ययावत आवृत्ती घेते आणि डब्ल्यूसीएजी २.२चा २४ बाय २४ पिक्सेलच्या टॅप-जागेचा नियम मुद्दाम चालू केला आहे, कारण तो मुळात बंद असतो. मोबाइलवर अंगठ्याने फॉर्म भरणारे आजी-आजोबा आमच्या गिऱ्हाइकांकडे भरपूर. एक मात्र करू नका: कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं विजेट चिकटवून "साइट आपोआप अ‍ॅक्सेसिबल" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. असल्याच दाव्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये एका कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले.

सध्या सिंहस्थाच्या तोंडावर लॉजवाले, ट्रॅव्हल्सवाले सगळ्यांनाच नवीन साइट हवी आहे, तीही कालच. आमच्या कोटेशनमध्ये आता दोन ओळी वेगळ्या असतात: एक स्वयंचलित तपासणीची, दुसरी स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाकडून होणाऱ्या तपासणीची. घासाघीस सुरू झाली की गिऱ्हाइकाचं बोट आधी दुसऱ्या ओळीवर जातं. ती खोडली तर आम्ही कोटेशनमधून "अ‍ॅक्सेसिबल" हा शब्द काढतो आणि "अ‍ॅक्सच्या तपासणीत उल्लंघन नाही" एवढंच लिहून देतो.